अ‍ॅडमिरलचं पाणी

आमच्या जिन्यावर झिनोवीला सगळेच पाण्यात पाहायचे.
मिकोलाइवच्या नळांना खारं पाणी येऊ लागलं, त्या वर्षीची गोष्ट.
टँकरच्या रांगेत तो चार डबे घेऊन उभा राही,
दोन स्वतःसाठी,
दोन कासवासाठी.

मी नेमकी त्याच्या मागे. म्हणाले,
इथे माणसांना चहापुरतं मिळेना, आणि तुमचं जनावर आंघोळी करतंय.
आंघोळ नाही, तामिला, तो म्हणाला, ते राहतंच त्यात.
त्यातच खातं, त्यातच हगतं, तेच पितं.
तुम्ही राहाल?
रांग हसली. मी नाही हसले.

मग जूनमध्ये माझे टोमॅटो करपले.
बाल्कनीतल्या सात कुंड्या, नळाच्या मिठाने
पानांच्या कडा जळक्या कागदासारख्या.
आणि दर शुक्रवारी सकाळी दहाला
भिंतीपलीकडे त्याच्या संडासात
बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज.
गोडं पाणी! मी मोजायचे. एक बादली. दीड.
तिसऱ्या शुक्रवारी पावणेदहालाच दार वाजवलं,
हातात रिकामी बादली, तोंडात एकही शब्द नाही.

तो म्हणाला, घाण आहे हं.
म्हटलं, असू दे.

काचेवर वहीचा कागद चिकटवलेला, बाष्पाने फुगलेला.
नातवाचं अक्षर. लुक्यान आता आईबरोबर पोझनानला.
दर आठवड्याला पाव टाकी बदल. सगळी एकदम नको.
स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा,
नाहीतर चांगले जंतू मरतात.
जेवण वेगळ्या टबात. उरलेलं लगेच काढ.
आजोबा, लगेच म्हणजे लगेच.

जहाजांच्या तळातलं पाणी उपसणारे पंप
चाळीस वर्षं बसवले या माणसाने.
आता गुडघ्यावर बसून नळीला तोंड लावतो,
एक घोट ओढतो, वेळेवर सोडतो
(नेहमीच वेळेवर नाही, थुंकतो, शिवी देतो),
आणि तळावरून नळी फिरवतो सावकाश,
जशी झोपलेल्याच्या अंगावरून माशी हाकलावी.
कोळंबीची सालं, पाल्याच्या चिंध्या, कवचाचे सुटलेले पापुद्रे
वर येतात, माझ्या बादलीत पडतात.
अ‍ॅडमिरल दगडावर मान ताणून,
कानामागे लाल पट्टा, चेहऱ्यावर नापसंती.

टँकरचं पाणी तो लगेच ओतत नाही.
रात्रभर उघड्या बादलीत शिळं होऊ देतो,
क्लोरीनचा वास उडेपर्यंत, थंडी मोडेपर्यंत.
ताजं तेच चांगलं, असं मी आयुष्यभर समजत आले.

वीज गेली की पंप गप्प.
मग मगाने पाणी उचलायचं, वीतभर उंचीवरून सोडायचं,
पुन्हा उचलायचं.
पाण्याला श्वास लागतो, म्हणतो.
परवा दुपारी त्याचा हात दुखत होता, मी सोडलं.
दोनशेपर्यंत मोजलं, पुढचे आकडे विसरले.

टोमॅटो? सातांतल्या चार कुंड्या वाचल्या.
इतकं जोमदार झाड मी कधी पाहिलं नव्हतं,
पण त्याला सांगितलं नाही, फुशारेल.

काल लुक्यानचा फोन. आधी पाणी दाखव, म्हणाला.
झिनोवीने फोन काचेला टेकवला.
बराच वेळ पलीकडून काहीच नाही.
मग घाबरा आवाज, नुकताच फुटू लागलेला:
आजोबा, टाकी रिकामी का?

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं.
अ‍ॅडमिरल दगडावरून सुटला होता,
चारही पाय पसरून, मधोमध,
कशावरच न टेकता.

झिनोवीने बाही वर सारली
आणि एक बोट बुडवलं.